गॉसचा नियम लावला, तरी उत्तर का चुकतं? ‘ई’ बाहेर काढण्याआधीची तपासणी

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने वही माझ्यापुढे ठेवली. गणित साधं होतं. २० सेंटीमीटर लांबीची दांडी आहे, तिच्यावर १ नॅनोकूलोंब प्रभार सारखा पसरलेला आहे. दांडीच्या बरोबर मध्यासमोर, १० सेंटीमीटर अंतरावर विद्युत क्षेत्र किती? तिने दांडीभोवती तेवढ्याच लांबीचा दंडगोल काढला, गॉसचा नियम लावला आणि उत्तर आलं ९०० न्यूटन प्रति कूलोंब. मुलगी नेटकी आहे, म्हणून तिने पडताळाही घेतला. सगळा प्रभार मध्यबिंदूत गोळा झालाय असं धरून कूलोंबच्या नियमाने पुन्हा काढलं. पुन्हा ९००. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आल्यावर विश्वास बसणारच. पण उत्तरसूचीत होतं ६३६. तिने विचारलं, “सर, पुस्तकात छापताना चूक झालीय का?”

पुस्तक बरोबर होतं. तिच्या दोन्ही वाटा चुकल्या होत्या, आणि दांडीची लांबी अंतराच्या नेमकी दुप्पट असल्यामुळे दोन्ही चुका एकाच आकड्यावर येऊन मिळाल्या होत्या. अंतर १० ऐवजी ५ सेंटीमीटर घेतलं असतं, तर एका वाटेने १८०० आणि दुसरीने ३६०० आलं असतं आणि गडबड लगेच कळली असती.

बारावीत, जेईईच्या तयारीत आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षालाही ही अडचण पुन्हा पुन्हा येते. नियम पाठ असतो, सूत्रंही पाठ असतात, तरी उत्तर चुकतं. म्हणून ही चूक कुठे होते आणि कशी पकडायची, हे इथे सविस्तर लिहितोय. लिहिताना ई म्हणजे विद्युत क्षेत्र, क्यू म्हणजे प्रभार आणि आर म्हणजे अंतर असं धरा.

नेमकं कुठे बिघडतं

गॉसचा नियम एवढंच सांगतो: कुठलंही बंद पृष्ठ घ्या, त्यातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स (पृष्ठाच्या तुकड्या-तुकड्यावर लंब क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ, यांची बेरीज) म्हणजे आतला प्रभार भागिले एप्सिलॉन नॉट (एक ठरलेला स्थिरांक). हे कायम खरं असतं. दांडी असो, बटाट्याच्या आकाराचा गोळा असो, पृष्ठ वाकडंतिकडं असो, नियम मोडत नाही. त्या विद्यार्थिनीच्या दंडगोलालाही तो तंतोतंत लागू होता. १ नॅनोकूलोंब आत असेल तर एकूण फ्लक्स सुमारे ११३ न्यूटन मीटर वर्ग प्रति कूलोंब, यात काही चूक नाही.

चूक होते ती पुढच्या ओळीत. वहीत लिहिलेलं असतं: इंटिग्रल ई डॉट डीए (हाच तो फ्लक्स), म्हणून ई गुणिले दोन पाय आर एल (एल म्हणजे दंडगोलाची लांबी). या ‘म्हणून’मध्ये तीन गोष्टी न सांगता गृहीत धरलेल्या आहेत. एक, वक्र पृष्ठावर ई सगळीकडे पृष्ठाला लंब आहे. दोन, त्या पृष्ठावर ई सगळीकडे सारखं आहे. तीन, दोन्ही झाकणांतून काहीच बाहेर पडत नाही. नियम यातलं काहीही सांगत नाही. हे सगळं सममितीने सांगावं लागतं, आणि २० सेंटीमीटरच्या दांडीला ती सममिती नाही.

किती फरक पडतो ते त्याच दांडीवर बघू. दंडगोलाच्या वक्र पृष्ठावर, मध्यासमोर, बाहेरच्या दिशेने ई आहे ६३६. सरकत सरकत टोकासमोर गेलात की बाहेरच्या दिशेचा भाग उरतो ४०२ च्या आसपास, आणि शिवाय दांडीला समांतर असा २४९ चा भाग तयार होतो. म्हणजे तिथे ई तिरपं आहे. एकूण फ्लक्सपैकी वक्र पृष्ठातून जातो सुमारे ६२ टक्के. उरलेला ३८ टक्के दोन्ही झाकणांतून बाहेर पडतो, प्रत्येकातून १९. वहीत हा ३८ टक्के फ्लक्स शून्य धरला होता आणि तोही वक्र पृष्ठाच्याच नावावर मांडला होता. ९०० हा फुगलेला आकडा आला तो यामुळे.

म्हणून ई इंटिग्रलबाहेर काढणं ही बीजगणिताची पायरी नाही, तो एक दावा आहे. तो सिद्ध करायला दोन-तीन वाक्यं लागतात, आणि बहुतेक वह्यांत नेमकी तीच नसतात.

पेन उचलण्याआधी: फिरवा, सरकवा, आरसा धरा

मी मुलांना एक सवय लावतो. सूत्र लिहिण्याआधी डोळे मिटायला सांगतो. तुमचे डोळे मिटलेले असताना मी प्रभारित वस्तू जराशी हलवली. डोळे उघडल्यावर तुम्हाला काही बदल दिसला का? दिसला नसेल, तर विद्युत क्षेत्रातही बदल झालेला असू शकत नाही, कारण क्षेत्र प्रभारांच्या मांडणीवरून ठरतं. मांडणी तीच तर क्षेत्रही तेच.

दोन्ही बाजूंनी अनंत लांबीची, सारख्या प्रभाराची तार घ्या. मी ती लांबीच्या दिशेने हातभर सरकवली तर तुम्हाला कळणार नाही. म्हणून तारेला समांतर चालत गेलं तरी ई बदलत नाही. तार स्वतःभोवती फिरवली, तरी कळणार नाही. म्हणून तारेभोवती गोल फिरताना ईची किंमत बदलत नाही. राहिलं फक्त तारेपासूनचं अंतर.

पण एवढ्यावर दिशा ठरत नाही, आणि पुष्कळ जण इथेच थांबतात. दिशेसाठी आरसा लागतो. तारेला आडवा, काटकोनात एक आरसा धरा. आरशातली तार हुबेहूब तीच. तारेच्या दिशेने ईचा काही भाग असता, तर आरशात तो उलटा दिसला असता. तार तीच आणि क्षेत्र उलटं, हे शक्य नाही. म्हणून तो भाग शून्य. आता आरसा असा धरा की तार आरशाच्या पातळीत येईल. तारेभोवती गोल फिरणारा भाग असता, तर तो या आरशात उलटा झाला असता. तोही शून्य. उरला फक्त सरळ बाहेर जाणारा भाग. आता ई बाहेर काढायचा हक्क मिळाला, आणि उत्तर लॅम्डा भागिले दोन पाय एप्सिलॉन नॉट आर. लॅम्डा म्हणजे दर मीटरला किती प्रभार.

हीच तपासणी २० सेंटीमीटरच्या दांडीवर करा. फिरवली तर कळत नाही, ठीक. मध्याशी आडवा आरसा धरला तर दांडी तीच दिसते, हेही ठीक. पण हातभर सरकवली? लगेच कळतं. आडवा आरसा मध्य सोडून दुसरीकडे धरला? तेही कळतं. म्हणजे मध्यासमोर ई सरळ बाहेर जातं एवढंच सिद्ध झालं, ते दंडगोलावर सगळीकडे सारखं आहे हे सिद्ध झालं नाही. त्या विद्यार्थिनीचं दिशेबद्दल म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच तिला इतकी खात्री वाटत होती. अर्धी सममिती अशीच फसवते.

कडी आणि चकती यांचंही असंच होतं. अक्षाभोवती फिरवली तर काही कळत नाही, म्हणून मुलांना वाटतं गॉस चालेल. पण कडीचं ई दोन गोष्टींवर अवलंबून आहे: अक्षापासून किती दूर आणि पातळीपासून किती वर. ज्यावर ई सारखं आहे असं आधीच सांगता येईल, असं बंद पृष्ठच मिळत नाही. तिथे कूलोंबने तुकडे-तुकडे करून बेरीजच करावी लागते. पहिल्या धड्यांत गॉसने सरळ ई देणारे आकार तीनच आहेत: सगळीकडून सारखा गोल, अनंत लांब तार किंवा दंडगोल, आणि अनंत पसरलेली शीट. चौथा आकार समोर आला आणि तरी ई सहज बाहेर निघाला, तर तिथे थांबून पुन्हा बघा.

‘अनंत’ कधी म्हणायचं

खरी तार अनंत नसते, मग हे सूत्र वापरायचं कधी? याचं उत्तर आकड्यात देता येतं. मध्यासमोर खरं उत्तर म्हणजे अनंत तारेचं उत्तर गुणिले एक अपूर्णांक. तो अपूर्णांक असा: अंश म्हणजे अर्धी लांबी, छेद म्हणजे दांडीच्या टोकापासून तुमच्या बिंदूपर्यंतचं तिरपं अंतर. वरच्या गणितात तो ०.७०७, म्हणून ९०० चं ६३६ झालं. त्याच दांडीपासून फक्त १ सेंटीमीटरवर गेलात तर तो ०.९९५ होतो. अनंत तारेचं उत्तर ९०००, खरं ८९५५. अर्ध्या टक्क्याची चूक, तिथे बिनदिक्कत गॉस वापरा. लांबी अंतराच्या वीसपट असली आणि बिंदू टोकाजवळ नसला, की काम भागतं. टोकाजवळ मात्र कितीही लांब तार असली तरी चालत नाही.

शून्य फ्लक्स म्हणजे शून्य क्षेत्र नव्हे

दुसरी तक्रार: “आत प्रभार नाही, म्हणून ई शून्य.” हे वाक्य उत्तरपत्रिकांत इतक्या वेळा दिसतं की त्याच्यासाठी एक उदाहरण मी कायम तयार ठेवतो.

१० सेंटीमीटर त्रिज्येचा एक काल्पनिक गोल घ्या. त्याच्या केंद्रापासून २० सेंटीमीटरवर, म्हणजे गोलाच्या बाहेर, १ नॅनोकूलोंबचा प्रभार ठेवा. गोलाच्या आत प्रभार नाही, म्हणून एकूण फ्लक्स शून्य. पण गोलाच्या जवळच्या बिंदूवर ई आहे ९००, समोरच्या लांबच्या बिंदूवर १००. पृष्ठावर एकही बिंदू असा नाही जिथे ई शून्य आहे. जवळच्या बाजूने क्षेत्र आत शिरतं, तिथे फ्लक्स ऋण. पलीकडून बाहेर पडतं, तिथे धन. बेरीज शून्य होते, क्षेत्र नाही. बँकेच्या पासबुकात जमा आणि खर्च सारखे झाले म्हणून व्यवहारच झाले नाहीत असं कोणी म्हणत नाही, तसंच हे.

यातूनच आणखी एक गैरसमज सुटतो. नियमाच्या उजव्या बाजूला फक्त आतला प्रभार येतो, पण डाव्या बाजूचा ई सगळ्या प्रभारांचा असतो, आतल्या आणि बाहेरच्याही. अनंत तारेचं सूत्र काढताना आपण दंडगोलातला तुकडाच मोजतो, पण आलेलं उत्तर संपूर्ण तारेचं असतं. बाहेरच्या तारेचा वाटा गेला कुठे? तो सममितीत आहे. ‘ई वक्र पृष्ठावर सारखं आहे आणि सरळ बाहेर जातं’ हे म्हणताना आपण अख्खी तार वापरली. दंडगोलाबाहेरची तार कापून टाका, लगेच दांडीचं गणित होतं आणि ३८ टक्के फ्लक्स झाकणांतून निसटतो.

मग आत प्रभार नसताना ई खरोखर शून्य कधी? सारख्या प्रभाराच्या पोकळ गोलाच्या आत. तिथे सममिती आधी सांगते की ई असलाच तर केंद्रातून सरळ बाहेर किंवा सरळ आत, आणि आतल्या प्रत्येक समकेंद्री गोलावर सारखा. त्यानंतर शून्य फ्लक्सचा अर्थ शून्य ई असा होतो. हेन्री कॅव्हेंडिशने १७७३ मध्ये एका गोलाभोवती दोन अर्धगोल बसवून, आतल्या गोलावर प्रभार उरतो का ते पाहिलं, तो उरला नाही, आणि त्यावरून बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याचं ताडलं. कूलोंबचा पीळकाटा (तारेच्या पिळावरून बल मोजणारं साधन) १७८५ चा, म्हणजे त्यानंतरचा. पोकळ गोलाच्या आतलं ते शून्य, प्रयोगशाळेत इतकं महत्त्वाचं ठरलं आहे.

शीटमधला तो दोनाचा घोळ

सिग्मा भागिले दोन एप्सिलॉन नॉट, की नुसतं सिग्मा भागिले एप्सिलॉन नॉट? सिग्मा म्हणजे दर चौरस मीटरला किती प्रभार. पाठांतर करणाऱ्यांची परीक्षेत इथेच गफलत होते. दोन्ही सूत्रं बरोबर आहेत, फक्त दोघांतला सिग्मा वेगळा आहे.

नुसती प्रभाराची शीट असेल, तर तिच्या आरपार एक छोटी डबी, म्हणजे काल्पनिक बंद पृष्ठ, ठेवा. दोन्ही झाकणांतून सारखाच फ्लक्स बाहेर पडतो, म्हणून दोनाने भाग. धातूच्या पृष्ठावर डबी अर्धी आत आणि अर्धी बाहेर. आत ई शून्य, म्हणून एकाच झाकणातून फ्लक्स, दोन नाही.

आता एक पातळ धातूची प्लेट घ्या, इतर कुठलाही प्रभार जवळपास नाही. दर चौरस मीटरला एकूण प्रभार १७.७ नॅनोकूलोंब. शीट म्हणून बघितलं तर १७.७ ला दोन गुणिले एप्सिलॉन नॉटने भागा, उत्तर १००० न्यूटन प्रति कूलोंब. धातू म्हणून बघितलं तर प्रभार दोन पृष्ठांवर वाटला गेला, प्रत्येकावर ८.८५. त्याला एप्सिलॉन नॉटने भागा, उत्तर पुन्हा १०००. घोळ होतो तेव्हा, जेव्हा एकूण प्रभार धरून धातूचं सूत्र लावलं जातं. म्हणून सिग्मा लिहिताना शेजारी शब्दांत लिहा: ‘एका पृष्ठावरचा’ की ‘दोन्ही मिळून’.

धातूच्या सूत्राबद्दल आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ते कुठल्याही आकाराच्या धातूला लागू पडतं, चमचा असो की दाराची कडी. तिथे आकाराची सममिती नाही, पण डबी हवी तेवढी लहान करता येते, स्थिर स्थितीत ई पृष्ठाला लंबच असतो आणि आत शून्य असतो. या तीन गोष्टी धातू स्वतः देतो. म्हणजे ई बाहेर काढायला सममितीच लागते असं नाही. दाव्यामागे कारण मात्र लागतं. (उत्तराचा अंदाज घ्यायला एक आकडा लक्षात ठेवा: साध्या कोरड्या हवेत ई सुमारे ३० लाख व्होल्ट प्रति मीटरच्या वर गेला की ठिणगी पडते. हवेतल्या गणिताचं उत्तर याच्या पुष्कळ वर आलं, तर घात तपासा.)

घनाची गणितं: फ्लक्स मिळतो, क्षेत्र नाही

घनाच्या केंद्रात क्यू ठेवला तर प्रत्येक पृष्ठातून फ्लक्स किती? एकूणाचा सहावा भाग. घन कुठल्याही पृष्ठावर पालथा घातला तरी मांडणी तीच दिसते, म्हणून सहाही पृष्ठांचा वाटा सारखा. हे पक्कं. पण लगेच पुढे ‘म्हणून पृष्ठावरचा ई म्हणजे हा फ्लक्स भागिले क्षेत्रफळ’ असं लिहू नका. पृष्ठाच्या मध्यावर ई कोपऱ्यापेक्षा तिप्पट आहे, आणि लंब भाग तर पाचपटीहून थोडा जास्त. सहा पृष्ठं एकमेकांसारखी आहेत, पण एका पृष्ठावरचे बिंदू एकमेकांसारखे नाहीत.

क्यू घनाच्या कोपऱ्यात असेल, तर त्या कोपऱ्याभोवती तसेच आठ घन रचा. आपल्या घनाला आठवा भाग मिळाला. कोपऱ्याला चिकटलेल्या तीन पृष्ठांत क्षेत्र पृष्ठाला समांतर, तिथे फ्लक्स शून्य. उरलेल्या तीन पृष्ठांत आठव्याचा तिसरा, म्हणजे चोविसावा भाग. इथे आठाऐवजी सहाने भागणारे पुष्कळ दिसतात. कोपऱ्याभोवती आठ घन मावतात हे एकदा खडूचे डबे रचून बघितलं की पुन्हा विसरत नाही.

गोलातला प्रभार मोजताना

इथे चूक साधी असते, पण गुण तेवढेच जातात. भरीव गोलाच्या आत ई काढताना एकूण प्रभार टाकायचा नाही, आपल्या बिंदूतून जाणाऱ्या गोलाच्या आतला तेवढाच मोजायचा. गोलाची त्रिज्या आणि बिंदूचं अंतर या दोघांना एकच ‘आर’ लिहिलं की चूक होणारच, म्हणून लहान आणि मोठं अक्षर ठेवा. आणि घनता बदलती असेल तर घनता गुणिले घनफळ चालत नाही, पातळ कवचांची बेरीज करावी लागते. उदाहरणार्थ, घनता अंतराच्या प्रमाणात वाढत असेल, तर आतला प्रभार अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो आणि ई वर्गाने.

सममिती मोडली, तरी वाट असते

शेवटचा प्रकार जेईईवाल्यांच्या आवडीचा. सारख्या घनतेच्या भरीव गोलात एका बाजूला छोटी गोल पोकळी कोरली आहे. पोकळीतला ई काढा. तपासणी केली तर सममिती नाही: मोठ्या गोलाच्या केंद्राभोवती फिरवलं तर पोकळीची जागा बदललेली लगेच दिसते. बरेच जण इथे हात टेकतात, किंवा पोकळीत प्रभार नाही म्हणून शून्य लिहून मोकळे होतात.

पोकळी म्हणजे तिथे धन आणि ऋण प्रभार सारख्या घनतेने एकत्र भरले आहेत असं समजा. मग वस्तू झाली दोन पूर्ण गोलांची: एक मोठा धन, एक छोटा ऋण. प्रत्येकाला आपली सममिती पूर्ण आहे, म्हणून प्रत्येकावर गॉस वेगळा लावा. भरीव गोलाच्या आत ई म्हणजे घनता गुणिले केंद्रापासूनचं अंतर भागिले तीन एप्सिलॉन नॉट, दिशा केंद्रापासून बाहेर. मोठ्याचा ई मोठ्या केंद्रापासून मोजा, छोट्याचा छोट्या केंद्रापासून, छोट्याचं चिन्ह उलटं. दोन सदिशांची बेरीज करताना बिंदूची जागाच रद्द होते आणि उरतं दोन केंद्रांमधलं अंतर. पोकळीत ई सगळीकडे सारखा: घनता गुणिले दोन केंद्रांमधलं अंतर भागिले तीन एप्सिलॉन नॉट, दिशा मोठ्या केंद्रापासून छोट्या केंद्राकडे.

त्या विद्यार्थिनीला मी हे गणित गेल्या गुरुवारी दिलं. तिने आधी डोळे मिटले, मग समासात लिहिलं: “फिरवली तर कळतं. गॉस सरळ नाही. दोन गोल.” मग उत्तर काढलं. पोकळीतले दोन वेगळे बिंदू घेऊन तिने पडताळाही पाहिला, आणि या वेळी दोन्हीकडे एकच आकडा आला तो बरोबर होता.